क्रमवारीत नाव नाही म्हणून संशोधन नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशातील उच्च शिक्षणाविषयी आपल्या पुरवणीत नुकत्याच आलेल्या लेखात जर्मनीतील उपयोजित विज्ञान विद्यापीठांचा निकाल दोन-तीन वाक्यांत लावून टाकला आहे. ही विद्यापीठे जागतिक क्रमवारीत सापडत नाहीत, तिथे केवळ नोकरीपुरते शिक्षण मिळते आणि ज्यांना संशोधनात रस आहे त्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये, असा त्या वाक्यांचा आशय आहे. यातील पहिले विधान बहुतांशी खरे आहे, दुसरे अर्धे खरे आहे आणि तिसरे या दोहोंवरून निघत नाही. सरसकट विधानाला तितकेच सरसकट उत्तर दिल्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही, म्हणून एकच संस्था समोर ठेवून लिहितो. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातील आखेन शहराचे उपयोजित विज्ञान विद्यापीठ, म्हणजे एफएच (‘फाखहोखशूल’, अशा विद्यापीठाचे जर्मन नाव) आखेन, ही ती संस्था.

ही निवड मुद्दाम केली आहे. याच शहरात आरडब्ल्यूटीएच आखेन हे जर्मनीतील अग्रगण्य तांत्रिक विद्यापीठ आहे आणि अशा शेजारी राहून ज्या संस्थेला आपले संशोधन दाखवावे लागते, तिची परीक्षा इतरांपेक्षा कडक असते. ऑक्टोबर १९६८ मध्ये तत्कालीन पश्चिम जर्मनीतील राज्यांनी आपापसांत करार केला आणि तोवर विखुरलेल्या अभियांत्रिकी शाळा व उच्च व्यावसायिक शाळा यांना उच्च शिक्षणाच्या चौकटीत आणण्याचे ठरवले. एफएच आखेन त्यातूनच १९७१ साली उभी राहिली. या संस्थांचे पहिले काम शिकवणे हेच होते. प्रयोगशाळा होत्या त्या प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकांसाठी. आज एफएच आखेनच्या दहा विद्याशाखा आहेत. त्यांपैकी सात आखेनमध्ये आहेत, तर रसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान, वैद्यकीय तंत्रज्ञान व उपयोजित गणित, आणि ऊर्जा तंत्रज्ञान या तीन विद्याशाखा जवळच्या यूलिश या गावात आहेत. संशोधनाचा विचार करताना हे यूलिश विसरून चालत नाही, कारण १९५६ साली अणुसंशोधनासाठी स्थापन झालेले आणि पुढे अनेक विषयांत विस्तारलेले यूलिश संशोधन केंद्र याच गावालगत आहे.

आधी क्रमवारीचा मुद्दा घेतो. शांघाय क्रमवारी नोबेल व फील्ड्स पदकाचे मानकरी, सर्वाधिक उद्धृत होणारे संशोधक आणि ‘नेचर’ व ‘सायन्स’ या नियतकालिकांतील लेख मोजते. टाइम्स हायर एज्युकेशनच्या मुख्य यादीत शिरण्यासाठी पाच वर्षांत किमान एक हजार शोधनिबंधांची अट आहे. क्यूएस क्रमवारीत सर्वाधिक भार जगभरच्या अध्यापकांमध्ये घेतलेल्या प्रतिष्ठेच्या पाहणीला आहे. हे निकष वाईट आहेत असे मी म्हणत नाही. मोठ्या, जुन्या, मूलभूत विज्ञानावर भर देणाऱ्या विद्यापीठांची तुलना करायला ते बऱ्यापैकी उपयोगी पडतात. पण एखाद्या कारखान्यासाठी विकसित केलेला संवेदक (सेन्सर), गोपनीयतेच्या करारामुळे कधीच प्रसिद्ध न होणारा चाचणी अहवाल किंवा पदव्युत्तर प्रबंधातून निघालेली यंत्रातील सुधारणा यांची नोंद घ्यायला त्या यादीत रकानाच नाही. जिथे पूर्णवेळ संशोधकांची फौज नाही आणि प्राध्यापकाचा बहुतेक आठवडा वर्गात जातो, ती संस्था हजार निबंधांच्या उंबरठ्याशी थांबणारच. म्हणून नाव नसण्याचा अर्थ ‘खालचा क्रमांक’ असा होत नाही. त्या मोजणीत ती संस्था बसतच नाही, एवढाच होतो.

खुद्द जर्मनीत अधिक वापरली जाणारी, सेंटर फॉर हायर एज्युकेशन या संस्थेची सीएचई क्रमवारी याच कारणासाठी वेगळ्या पद्धतीने चालते. १९९८ पासून निघणारी ही क्रमवारी संपूर्ण विद्यापीठाला एक क्रमांक देत नाही. ती विषयवार माहिती देते, संस्थांना गटांत विभागते आणि पारंपरिक विद्यापीठांची तुलना पारंपरिक विद्यापीठांशी, उपयोजित विज्ञान विद्यापीठांची तुलना त्यांच्याच प्रकारच्या संस्थांशी करते. आपल्या लेखात तिचा उल्लेख नसावा, याचे मला आश्चर्य वाटले.

आता प्रत्यक्ष संशोधनाकडे येतो. यूलिशमध्ये १९९२ पासून या विद्यापीठाची सौरसंस्था काम करते आहे. ढगाळ आकाशासाठी ओळखल्या जाणाऱ्या पश्चिम जर्मनीत सौरऔष्णिक संशोधन करणे प्रथम ऐकताना विचित्र वाटते, पण त्यामागे हिशेब आहे. २००९ साली यूलिशमध्ये दीड मेगावॉट क्षमतेचे प्रायोगिक सौरमनोरा वीजकेंद्र सुरू झाले. सूर्याबरोबर वळणारे दोन हजारांहून अधिक आरसे साठ मीटर उंचीच्या मनोऱ्याच्या माथ्यावरील सच्छिद्र सिरॅमिक ग्राहकावर, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या रिसीव्हरवर, प्रकाश एकवटतात. त्या छिद्रांतून आत ओढली जाणारी हवा सुमारे ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते, त्या उष्णतेवर वाफ तयार होते आणि वाफेवर जनित्र फिरते. उरलेली उष्णता सिरॅमिकच्या साठवण टाकीत ठेवता येते. ढग येतात, जातात आणि यंत्रणेला सतत जुळवून घ्यावे लागते, त्यामुळे नियंत्रणाचे प्रश्न अभ्यासायला अशी जागा उलट सोयीची ठरते. इथे तावून निघालेले तंत्र पुढे भरपूर उन्हाच्या प्रदेशांत न्यायचे असते. या प्रकल्पाचे श्रेय एकट्या एफएच आखेनचे नाही. ग्राहकाच्या तंत्रज्ञानात जर्मन अंतराळ केंद्राचा वाटा मोठा आहे आणि २०११ पासून मनोराही त्याच केंद्राच्या ताब्यात आहे. परंतु शास्त्रीय भागीदार म्हणून सौरसंस्था सुरुवातीपासून त्यात होती. पदवीच्या विद्यार्थ्याला एवढ्या मोठ्या प्रमाणावरचा प्रयोग गावातच पाहायला मिळावा, ही संधी क्रमवारीत कितीही वर असलेल्या फारच थोड्या विद्यापीठांत असते.

ऊर्जेवरील या भराला स्थानिक कारणही आहे. यूलिश हे ऱ्हाइनलँडच्या लिग्नाइट कोळशाच्या पट्ट्यात येते. या पट्ट्यातील कोळशावरची वीजनिर्मिती २०३० पर्यंत थांबवण्याचे ठरले आहे आणि कोळशानंतरच्या अर्थव्यवस्थेची उभारणी करण्यासाठी या भागाला १४.८ अब्ज युरोपर्यंत निधी देण्याची तरतूद जर्मनीने केली आहे. खाणी बंद होणार, वीजकेंद्रे बंद होणार, मग तिथल्या कुशल कामगारांनी आणि पुरवठादार उद्योगांनी काय करायचे, हा प्रश्न त्या प्रदेशातील उपयोजित विज्ञान विद्यापीठाला परका राहू शकत नाही. ऊर्जा साठवण, हायड्रोजन, उद्योगांतील उष्णतेचा पुनर्वापर या विषयांना तिथे जी निकड आहे ती पाठ्यपुस्तकातून आलेली नाही.

मला व्यक्तिशः सर्वांत लक्षणीय वाटते ते यूलिशमधीलच नॅनो व जैवतंत्रज्ञान संस्थेचे काम. ही संस्था सिलिकॉनच्या चिपवर रासायनिक व जैविक संवेदक तयार करते. चिपच्या पृष्ठभागावर एखादे विकर (एन्झाइम) बसवायचे. द्रावणातील विशिष्ट पदार्थाशी त्याची अभिक्रिया झाली की पृष्ठभागालगतची आम्लता बदलते आणि तो बदल चिप विद्युत संकेत म्हणून टिपते, असे त्यामागचे तत्त्व आहे. पेनिसिलिन ओळखणारा संवेदक हे याचे उदाहरण. त्यात एक अनपेक्षित वळण असे, की या संस्थेने श्टुटगार्टमधील संशोधकांबरोबर तंबाखूच्या झाडावर रोग पाडणाऱ्या विषाणूचे नळीसारखे कण चिपवर बसवले आणि विकराचे रेणू त्यांवर दाटीने जोडले. हा विषाणू माणसाला बाधत नाही, आणि त्याच्या पृष्ठभागावर विकराला ठरावीक अंतरावर घट्ट बसायला पुष्कळ जागा मिळते, त्यामुळे संवेदक अधिक टिकाऊ होतो. हे संशोधन आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले आहे. ते ‘केवळ नोकरीपुरत्या शिक्षणा’च्या व्याख्येत कसे बसवायचे, हे लेखकांनी सांगावे.

याच संस्थेचे दुसरे काम कारखान्याच्या अगदी जवळचे आहे. दूध किंवा फळांचा रस निर्जंतुक खोक्यांत भरताना आधी खोक्याच्या आतील बाजूवर हायड्रोजन पेरॉक्साइडची गरम वाफ सोडतात. ही वाफ कमी पडली तर जंतू उरतात, जास्त झाली तर अवशेष राहतात, आणि यंत्र तर वेगाने चालू असते. अशा जागी वाफेचे प्रमाण मोजण्यासाठी त्यांनी जो संवेदक विकसित केला, त्यात दोन शेजारी शेजारी तापमापक घटक असतात आणि त्यांपैकी एकावर उत्प्रेरकाचा थर असतो. पेरॉक्साइडचे विघटन त्या थरावर होते, त्यातून उष्णता निघते आणि दोन्ही घटकांच्या तापमानातील फरकावरून वाफेची तीव्रता कळते. कल्पना साधी आहे. अवघड भाग आहे तो उच्च तापमानात, ओलाव्यात आणि प्रवाहात ती विश्वासाने चालवण्याचा, आणि उपयोजित संशोधनाची गुणवत्ता तिथेच तपासायची असते. नोबेल समिती याची दखल घेणार नाही. खाद्यप्रक्रिया उद्योग मात्र घेतो.

अवकाश तंत्रज्ञानातही या विद्यापीठाची कामगिरी सांगण्यासारखी आहे, आणि त्यातील एक दुवा आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. २८ एप्रिल २००८ रोजी श्रीहरिकोटाहून झेपावलेल्या पीएसएलव्ही-सी९ या प्रक्षेपकाने एकाच उड्डाणात दहा उपग्रह कक्षेत सोडले, तेव्हा आपल्या वृत्तपत्रांनी त्याचे कौतुक केले होते. त्या दहांपैकी कार्टोसॅट-२ए आणि आयएमएस-१ हे भारताचे होते, तर उरलेल्या आठ परदेशी नॅनो-उपग्रहांत ‘कम्पास-१’ नावाचा, दहा सेंटिमीटर बाजूचा आणि जेमतेम एक किलो वजनाचा घनाकृती उपग्रह होता. तो एफएच आखेनच्या विद्यार्थ्यांनी तयार केलेला होता. पदवी अभ्यासक्रमातील विद्यार्थ्यांनी स्वतः रचलेला उपग्रह कक्षेत जाऊन संकेत पाठवतो, ही गोष्ट आज काहीशी सवयीची झाली असली तरी तेव्हा तशी नव्हती.

अवकाश तंत्रज्ञानाच्या याच विद्याशाखेतून ‘आइसमोल’ हे यंत्र पुढे आले. बर्फात छिद्र पाडण्यासाठी तापलेल्या टोकाचे शोधक पूर्वीपासून वापरात होते, पण ते गुरुत्वाकर्षणाच्या भरवशावर सरळ खालीच जाऊ शकत. आइसमोलच्या टोकाला बर्फात रुतणारा स्क्रू असतो, तो यंत्राला पुढे ओढतो, आणि तापवण्याचे भाग स्वतंत्रपणे चालू-बंद करता येत असल्याने ते बर्फात वळणही घेऊ शकते. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधील मोर्टेराच हिमनदीवर त्याची चाचणी झाली आणि २०१४ च्या अखेरीस अंटार्क्टिकातील टेलर हिमनदीवर, जिथून लोहयुक्त खारे पाणी बाहेर पडून हवेशी संयोग होताच रक्तासारखे लाल दिसते त्या ‘ब्लड फॉल्स’पाशी, बर्फाच्या आतील त्या पाण्याचा नमुना त्याने घेतला. बाहेरचे जंतू आत जाऊ न देता असा नमुना घेणे हे त्या मोहिमेचे खरे आव्हान होते. दूरचे उद्दिष्ट आहे शनीचा एन्सेलाडस हा चंद्र, ज्याच्या बर्फाच्या कवचातून बाहेर पडणारे फवारे ‘कॅसिनी’ यानाला दिसले होते. जर्मनीतील अनेक विद्यापीठे आणि अमेरिकी संशोधक या कामात सहभागी होते, हे खरेच आहे. पण यंत्राची मूळ कल्पना आणि बांधणी आखेनच्या या ‘दुय्यम’ संस्थेची. रोबोटिक्सबद्दल एवढेच नोंदवतो, की आरडब्ल्यूटीएचबरोबरच्या तिच्या संयुक्त संघाने यंत्रमानवांच्या रोबोकप स्पर्धेच्या कारखाना-वाहतूक विभागात २०१४ पासून सलग काही वर्षे जागतिक विजेतेपद मिळवले.

इतके लिहून झाल्यावर दुसरी बाजू न सांगणे अप्रामाणिक ठरेल, आणि ती बाजू लहान नाही. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात उपयोजित विज्ञान विद्यापीठाच्या प्राध्यापकावर सत्रात आठवड्याला १८ तासिकांचा भार असतो, तर पारंपरिक विद्यापीठातील प्राध्यापकावर ९ तासिकांचा. संशोधन करणाऱ्याला काही तासिकांची सवलत मिळू शकते, तरीही हा फरक मूलभूत आहे. प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यामध्ये पारंपरिक विद्यापीठात जो साहाय्यक संशोधकांचा व डॉक्टरेटोत्तर अभ्यासकांचा मोठा थर असतो, तो इथे फार पातळ आहे. जे आहेत ते बहुधा प्रकल्पाच्या निधीवर आणि प्रकल्पाच्या मुदतीपुरते. परिणामी एखाद्या विषयातील ताकद एक-दोन प्राध्यापकांच्या भोवती उभी राहते, आणि ते निवृत्त झाले की ती परंपरा टिकेलच याची खात्री नसते. मूलभूत संशोधनाला पैसा देणाऱ्या जर्मन संशोधन प्रतिष्ठानाच्या निधीतील अगदी अल्प वाटा या प्रकारच्या संस्थांकडे जातो. २००६ पासून सुरू झालेली, निवडक संशोधनाला विशेष निधी देणारी उत्कृष्टता स्पर्धा, जिच्यातून जर्मन विद्यापीठांचा लौकिक आज ठरतो, तीही विद्यापीठांना डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेली आहे. शिवाय एकाच संस्थेत सगळीकडे सारखे संशोधन आहे असेही नाही. एफएच आखेनमध्ये वर उल्लेखलेल्या क्षेत्रांत जी घनता आहे ती तिच्या प्रत्येक विद्याशाखेत सापडणार नाही, आणि संस्थेच्या प्रसिद्धीपत्रकांवर विसंबून राहिले तर हा भेद कळतही नाही.

पण सर्वांत कळीचा प्रश्न डॉक्टरेटचा. जर्मनीत कोणत्याही संस्थेचा शैक्षणिक दर्जा ज्या एका अधिकाराने ओळखला जातो तो म्हणजे डॉक्टरेट प्रदान करण्याचा अधिकार, आणि तो दीर्घकाळ पारंपरिक विद्यापीठांकडेच होता. उपयोजित विज्ञान विद्यापीठातील उमेदवार तिथल्या प्रयोगशाळेत काम करी, तिथल्या प्राध्यापकाचे मार्गदर्शन घेई, पण पदवीसाठी त्याला एखादे सहकारी विद्यापीठ शोधावे लागे. ते मिळेलच असे नसे, आणि मिळाले तरी मार्गदर्शनाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर जाई. हा बांध प्रथम हेसेन राज्याने फोडला. २०१६ मध्ये फुल्डा येथील उपयोजित विज्ञान विद्यापीठाला समाजशास्त्रीय विषयांत स्वतंत्र अधिकार मिळाला. देशात असे प्रथमच घडत होते. हेसेनने हा अधिकार संपूर्ण संस्थेला न देता संशोधनात सिद्ध झालेल्या क्षेत्रालाच दिला. त्यासाठी पुरेशा संख्येने संशोधक प्राध्यापक एकत्र असणे, त्यांनी बाहेरून निधी मिळवलेला असणे आणि प्रकाशने केलेली असणे, अशा मोजता येण्याजोग्या अटी घातल्या. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियाने वेगळा मार्ग पत्करला. तेथील संस्थांनी मिळून बोखुम येथे एक सामाईक डॉक्टरेट महाविद्यालय उभारले, जर्मन विज्ञान परिषदेकडून त्याचे मूल्यमापन झाले आणि २०२२ मध्ये त्याला डॉक्टरेटचा अधिकार मिळाला. म्हणजे आखेनमधील पात्र प्राध्यापकाकडे काम करणाऱ्याची पदवी आता या सामाईक संस्थेमार्फत येऊ शकते.

माझ्या मते ही दुसरी पद्धत अधिक शहाणपणाची आहे. एकाच शहरात एखाद्या विषयाचे दहा-बारा संशोधक नसतात, पण राज्यभरात असतात. त्यांना विषयवार एकत्र आणले तर परीक्षणाची कसोटी घरातल्या घरात सैल होण्याची भीतीही कमी होते. पारंपरिक विद्यापीठांचा या बदलाला असलेला विरोध केवळ मत्सराचा नव्हता. दर्जा राखला जाईल का, ही त्यांची शंका रास्त होती आणि पुढच्या काही वर्षांत बाहेर पडणाऱ्या प्रबंधांवरूनच तिचे उत्तर मिळणार आहे.

पदव्यांच्या बाबतीत मात्र आपल्या लेखाने निष्कारण संभ्रम निर्माण केला आहे. युरोपातील पदव्यांची रचना एकसारखी करणाऱ्या बोलोन्या प्रक्रियेनंतरच्या व्यवस्थेत उपयोजित विज्ञान विद्यापीठाची बॅचलर व मास्टर पदवी ही पारंपरिक विद्यापीठाच्या पदवीच्याच स्तराची मानली जाते, आणि मास्टरनंतर डॉक्टरेटच्या प्रवेशास औपचारिक अडथळा नसतो. प्राध्यापकांविषयीही तेच. तिथे नियुक्तीसाठी सामान्यतः डॉक्टरेट आणि किमान पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, त्यातील किमान तीन वर्षे उच्च शिक्षण संस्थांच्या बाहेरची असावी लागतात. संशोधन न जमल्यामुळे तिकडे वळलेली माणसे, अशी जी छटा लेखात आहे ती या अटीपुढे टिकत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की आपल्या पुरवणीत यापुढे जर्मन संस्थांची माहिती देताना संस्थेच्या नावापुढे केवळ जागतिक क्रमांक किंवा रिकामी रेघ न छापता चार गोष्टी द्याव्यात. संबंधित विषयाची संशोधन संस्था त्या विद्यापीठात आहे का आणि ती किती वर्षांपासून चालू आहे. पदव्युत्तर प्रबंध कोणत्या प्रयोगशाळांत किंवा उद्योगांत करता येतो. त्या विषयातील प्राध्यापक राज्याच्या डॉक्टरेट व्यवस्थेत मार्गदर्शक म्हणून मान्य आहेत का. आणि विषयवार तुलनेत ती संस्था आपल्या प्रकारच्या संस्थांमध्ये कुठे आहे. सैद्धांतिक भौतिकशास्त्रात किंवा शुद्ध गणितात जाऊ इच्छिणाऱ्याला या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर आखेनमध्ये त्याने शेजारच्या विद्यापीठाचाच अर्ज भरावा हे स्पष्ट कळेल, आणि तसे सांगण्यात एफएच आखेनचा काही अवमान नाही. संवेदक, सौरऔष्णिक ऊर्जा किंवा लहान उपग्रह यांत रस असणाऱ्याला कदाचित उलटे उत्तर मिळेल. ही माहिती त्या संस्थांकडे उपलब्ध असते. जर्मनीतील कुलगुरूंच्या परिषदेने तयार केलेल्या संशोधन नकाशावरही कोणती संस्था कोणत्या क्षेत्राला आपले बलस्थान मानते हे विषयवार पाहता येते, आणि तो नकाशा सर्वांसाठी खुला आहे.

आपला,
अभियांत्रिकी शिक्षणाशी संबंधित एक वाचक